थोरल्या घराचं कनेक्शन

आमच्याकडे एखाद्या माणसाची ओळख करून देताना त्याचं शिक्षण, शेतवावर, पोरंबाळं हे सगळं मागाहून येतं. आधी येतं ते कनेक्शन. ‘त्याचं वरपर्यंत कनेक्शन हाय,’ एवढं कानावर पडलं की ऐकणारा पाय आखडून नीट बसतो. वर म्हणजे नेमकं कुठं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या चुलत दिराचं असंच वरपर्यंत कनेक्शन आहे, आणि त्या जोरावर त्यानं माझ्या विहिरीचं कनेक्शन तोडलं. ही गोष्ट मी विसरलेले नाही. कोणी ‘झालं गेलं सोडून द्या’ म्हणायला घरी आलं, तर त्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

आमचे मळे वाशीमहून रिसोडकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की लागतात. घरंही मळ्यातच. माझं घर, मग माझा भाजीपाला, मग धुरा, म्हणजे मधला बांध, आणि धुऱ्याच्या पलीकडे चुलत दिराचं वावर नि त्याचं स्लॅबचं घर. मी इथं लग्न होऊन आले तेव्हा कनेक्शन म्हटलं की घरात एकच गोष्ट समजायची, विहिरीवरच्या मोटरची वीज. ती आली त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला आणून दिला होता. मग गॅसचं कनेक्शन आलं. सासू कितीतरी दिवस शेगडीकडे पाठ करून चुलीवरच भाकरी थापायची. मग टीव्हीचं आलं, मोबाईलचं आलं. आता तर या शब्दाला काही धरबंदच राहिला नाही. पोरगा-पोरगी एकदा गाडीवर दिसले की त्यांचं कनेक्शन. म्हातारा काही विसरला की त्याच्या डोक्याचं कनेक्शन ढिलं. वाशीमच्या स्टँडवर उतरलेला माणूस आधी विचारतो, जऊळक्याच्या गाडीचं कनेक्शन भेटते का. बाजारात माझ्याकडून मेथी घेणाऱ्या एक मास्तरीणबाई एकदा म्हणाल्या, ‘आम्हाला ना या मातीशी कनेक्शन वाटतं.’ मी म्हटलं, वाटत असेल तर दोन जुड्या जास्त घ्या.

नवरा गेला आणि मळा माझ्या एकटीच्या अंगावर पडला. लेक एकच, ती रिसोडला दिलेली. लोकांना वाटलं, ही आता वावर मक्त्यानं, म्हणजे खंडानं देऊन लेकीकडे जाईल. मी गेले नाही. पहाटे सांभार उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि ऑटोत टोपल्या टाकून वाशीमचा बाजार गाठायचा, हे मला नवरा असतानाही येत होतं आणि नसतानाही आलं. बाजारात माझ्या सांभाराला नाव होतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि तो चांगला निघायला दोन गोष्टी लागतात, मन लावणं आणि रोजचं पाणी.

चुलत दिराचा डोळा माझ्या वावरावर आधीपासून होता. माझी विहीर आटत नाही, त्याची आटते. पहिल्यांदा तो गोड बोलला. ‘वैनी, एकटीनं कायले मरमर करता? मक्त्यानं द्या मले वावर.’ मी नाही म्हटलं. मग हिवाळ्यात, वांगी नुकती फुलावर आलेली असताना, त्यानं गोठा बांधायला काढला. माझ्या मोटरची तार ज्या खांबावरून येते तो खांब त्याच्या वावरात आहे. लाईनमनला घेऊन तो आला आणि म्हणाला, ‘गोठ्यावरून तार आडवी येऊन राह्यली. काढून ठेवतो. गोठा झाला की जोडून देतो.’

तेव्हा मोटर चालू होती. पाणी हौदात पडत होतं आणि पडता पडता थांबलं. लाईनमननं माझ्यासमोर तार उतरवली, तिचं वेटोळं केलं, आणि चुलत दिरानं ते खांद्यावर टाकून नेलं. स्टार्टरच्या पेटीतलं ऑटोचं बटण मी तसंच चालूवर राहू दिलं. लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून हे बटण असतं. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांची गोष्ट आहे.

गोठा झाला. त्याच्या म्हशी आत बांधल्या गेल्या. माझ्या तारेचं वेटोळं त्या गोठ्यातच खुंटीला टांगलेलं मला धुऱ्यावरून दिसायचं. तार काही जोडली नाही.

मी लाईनमनकडे गेले. तो म्हणाला, खांब त्यांच्या वावरात आहे, ते हो म्हणतील तर मी आत्ता चढतो. साहेबाकडे गेले. साहेबही तेच म्हणाला, फक्त खुर्चीत बसून. मग मी चुलत दिराच्या ओसरीवर गेले. तो बाजेवर लोळून मोबाईल पाहत होता. उठून बसला नाही. थोरल्या भावजयीसमोर तो पहिल्यांदाच असा लोळत राहिला असेल.

‘जोडतो न वैनी. काय घाई हाय?’

‘वांगे सुकून राह्यले, भाऊजी.’

‘म्हनूनच तं म्हनतो, वावर मले द्या. तुमी बसून खा.’

‘द्याचं नाई मले.’

तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘मंग जा न, करा तक्रार. माहं वरपर्यंत कनेक्शन हाय. तुमचं कोनाशी हाय?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उत्तर सुचलं नाही. खरंच, माझं कोणाशी होतं? मी घरी आले आणि सुकलेल्या सांभाराच्या वाफ्यात बसून त्याला अशा शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत. उन्हाळा लागेपर्यंत पाणी मिळालं नाही तर वावर पडीक राहणार, आणि पडीक वावर शेवटी त्याच्याच घशात जाणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

सांभार गेला, मेथी गेली, कोबी गड्डा धरायच्या आतच गेली. वांग्यांचा एक वाफा तेवढा राहिला. मी विहिरीतून दोरीनं बादल्या ओढून घालायची. पण खरं सांगायचं तर तो वाफा माझ्या बादल्यांनी जगला नाही. चुलत दिराची लेक, कॉलेजचं शिक्षण संपवून घरी असलेली, दुपारी बाप वाशीमला गेला की त्यांच्या पाइपाचं तोंड धुऱ्यावरून माझ्या बाजूला टाकायची. मग माझ्याकडे पाठ करून मोबाईलवर बोलत उभी राहायची. वाफा भिजला की पाइप ओढून घ्यायची. आम्ही दोघी याबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यांची विहीरही तळाला गेलेली, तरी ती टाकायची.

त्याच पोरीची सोयरीक जुळली. स्थळ रिसोडकडच्या एका गावचं. बागायती घर, पोरगा शिकलेला. मळ्यातून मळ्यात बातमी यायला वेळ लागत नाही. चुलत दिरानं घर रंगवायला काढलं. मी धुऱ्यावर उभी राहून तो रंग पाहायची आणि मनात म्हणायची, थांब लेका.

कारण एक गोष्ट त्याच्या हातात नव्हती. आमच्या भाऊकीत सोयरीक पक्की होते ती सुपारी फुटल्यावर. सगळी भाऊकी एका सतरंजीवर बसते, मधे ताट, ताटात सुपारी आणि अडकित्ता. वयानं सगळ्यात मोठा माणूस विचारतो, कोणाची हरकत आहे का. मग सुपारी थोरल्या घराच्या हातात देतात. थोरल्या घरानं पहिला काप दिल्याशिवाय ती फुटली असं कोणी धरत नाही. आमच्या भाऊकीचं थोरलं घर माझं. नवरा होता तोवर भाऊकीतली प्रत्येक सुपारी त्यानं फोडली. तो गेल्यानंतरची ही पहिलीच.

चुलत दिराचा विचार असा होता की थोरल्या घरात आता बाप्या माणूस नाही, तेव्हा तो मान आपणच उरकून घ्यावा. पण पोराचे मोठे काका जुन्या वळणाचे निघाले. ते म्हणाले, ‘थोरलं घर बसलंच पायजे. ज्या भाऊकीत फूट हाय तिथून आमी पोरगी आनत नाई.’ हे मला माझ्या लेकीनं रिसोडहून फोन करून सांगितलं. फोन ठेवला आणि मी एकटीच हसले. तारेला नाही म्हणणारा माणूस आता माझ्या हो म्हणण्याची वाट बघणार होता.

आधी त्याची बायको आली. माझ्यासारख्या विधवेला हळदीकुंकवाच्या दिवशी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसवणारी ही बाई, आता माझ्या चुलीपाशी मांडी घालून बसली. ‘जिजी, यावंच लागते तुमाले.’ मी म्हटलं, ‘पाहू.’ मग त्याचा फोन आला. ‘वैनी, या बरं का.’ फोनवर. मधे नुसता धुरा, आणि माणूस फोनवर बोलावतो. मी म्हटलं, ‘आवाज येत नाई भाऊजी, तुमचं कनेक्शन खराब दिसते,’ आणि बंद केला.

माझं ठरलं होतं. मी जाणारच नव्हते. थोरल्या घराची जागा रिकामी राहू दे, पाहुण्यांसमोर त्याची शोभा होऊ दे, मोडली सोयरीक तर मोडू दे. माझे वाफे मोडले तेव्हा कोणाला वाईट वाटलं होतं? हे मी रोज स्वतःला सांगायची आणि रोज त्या एका हिरव्या वाफ्यापाशी येऊन माझं गाडं अडायचं.

सुपारीच्या आदल्या दिवशी दुपारी ती पोरगी स्वतः आली. धुरा ओलांडून सरळ माझ्या अंगणात. पाया पडली आणि उभीच राहिली. मला वाटलं, आता ही पाइपाचं काढील. काढलं असतं तर मी कदाचित चिडले असते. तिनं ते काढलं नाही.

‘मोठीमाय,’ ती म्हणाली, ‘पोरगा मले पसंत हाय. मले तेच घर पायजे.’

‘मंग?’

‘बाबाले तुमाले जे बोलाचं ते बोला. समद्याइच्या समोर बोला. पन सुपारी फोडजा.’

ती मान खाली घालून बोलत नव्हती, माझ्या डोळ्यांत पाहून बोलत होती. मी तिला एवढंच म्हटलं, ‘जा, ऊन लागन.’

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्यानं शेवटच्या दिवाळीला घेतलेलं लुगडं नेसले आणि धुरा ओलांडला. त्याच्या अंगणात मंडप. चुलत दीर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात जोडत फिरत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला; त्याला वाटलं, आली मुकाट. पाहुण्यांच्या शेजारी, मानाच्या जागी, त्याची सगळी वरची कनेक्शनं बसली होती. कोणी पुढाऱ्याचा माणूस, कोणी ऑफिसातला. आणि त्यांच्या टोकाला, बुंदीची बशी मांडीवर घेतलेला, तो लाईनमन. त्याला पाहिलं आणि माझ्या मनातलं अर्धं काम झालं.

मी सतरंजीवर थोरल्या घराच्या जागी बसले. दोन-तीन बाप्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या भाऊकीतले सगळ्यात वयस्क, माझे चुलत सासरे, म्हणाले, ‘बसू द्या. घर थोरलं हाय, मंग बाप्या असो का बाई.’ त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. ‘भाऊकी समदी आली का? कोनाची काई हरकत?’ आणि सुपारी माझ्या हातात दिली.

मी मूठ मिटली. अडकित्ता उचलला नाही.

‘पोरीबद्दल माही हरकत नाई,’ मी म्हटलं. ‘पाव्हने, तुमी दिवा घेऊन हिंडले तरी अशी पोरगी भेटनार नाई. पन तुमी इचारलं होतं, भाऊकी एक हाय का. तं खरं सांगतो. एक नाई.’

चुलत दीर जागीच अर्धा उठला. पोराचे काका पुढे सरकले. ‘काय झालं, बाई?’

‘माह्या मोटरची तार याइच्या गोठ्यात टांगून हाय. गोठा होईस्तोवर काढतो म्हनले होते. गोठा तुमाले दिसूनच राह्यला. माहं वावर बी पाहून घ्या, हे धुऱ्यापल्याड.’

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. गोठ्याचा नवा पत्रा उन्हात चमकत होता, आणि त्याच्यामागे माझे वाफे, करडे, भेगाळलेले, आणि मधेच वांग्यांचा तो एक हिरवा वाफा.

‘वैनी,’ चुलत दीर दात दाबून म्हणाला, ‘हे काढाची येळ हाय का?’

‘हेच येळ हाय, भाऊजी. बाकीच्या येळी तुमी बाजेवर होते.’

‘उद्या जोडून देतो. शब्द हाय माहा.’

‘मंग सुपारी बी उद्या फोडू.’

कोणीतरी मागे हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मी थांबले नाही. इतके दिवस मनात घोटलेलं मी आता थोडंच सोडणार होते? ‘तुमी मले इचारलं होतं न, तुमचं कोनाशी कनेक्शन हाय म्हनून? तेव्हा मले उत्तर आलं नोतं. आता पाहून घ्या. हे बसले न समदे.’

चुलत दिरानं आपल्या वरच्या माणसांकडे पाहिलं. पुढाऱ्याचा माणूस मोबाईलमधे शिरला होता. ऑफिसातला मंडपाचं कापड निरखत होता. पोराच्या काकांनी पगडीवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, ‘जोडून द्या न मंग. दिवसाची लाईन चालू हाय. आमी बसतो, आमाले काई घाई नाई.’

त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा असायची. लाईनमन तर समोरच होता. त्यानं बुंदीची बशी खाली ठेवली, कोणाकडे न पाहता चपला घातल्या आणि म्हणाला, ‘एकट्यानं होत नाई. वेटोळं धराले एक मानूस लागते.’ मंडपात धडधाकट पोरं पुष्कळ होती. एक उठायलाही लागला. माझ्या चुलत सासऱ्यांनी त्याला हातानं खाली बसवलं आणि चुलत दिराकडे पाहिलं. ‘ज्यानं टांगलं त्यानंच काढावं.’

तो गेला. पांढऱ्या कपड्यांत गोठ्यात शिरला, म्हशींच्या मधून, आणि तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन बाहेर आला तेव्हा पाठीवर शेणाचा पट्टा होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पोटभर जेवल्यावर होत नाही एवढा झाला. पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा फिरला. मी चहा घेतला नाही, माझा हात मोकळा नव्हता. लाईनमननं डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून, लाईन बंद केली, खांबावर चढला, आणि खाली माझा चुलत दीर मान वर करून तार सोडत उभा राहिला. जितका वेळ तो तसा उभा होता तितका वेळ मी एकदाही पापणी लवू दिली नाही.

लाईनमन उतरला आणि डीपीकडे गेला. सगळे वाट पाहत होते, पण कशाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. ऑटोचं बटण हिवाळ्यापासून चालूवरच होतं. आधी काही नाही. मग माझ्या मळ्यातून, कोरड्या हौदाच्या सिमेंटवर, पाणी आदळल्याचा आवाज आला. पहिल्यांदा खरखरीत, पाइपातली हवा आणि गाळ ओकत, आणि मग एकसारखा. मंडपात सगळ्यांना तो ऐकू आला. आतल्या दारात उभ्या असलेल्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

मी मूठ उघडली. सुपारी घामानं ओली झाली होती. अडकित्ता उचलला आणि पहिला काप दिला.

लग्न चांगलं झालं. पोरगी गेली. चुलत दीर माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याची काही उणीव भासत नाही. भाऊकीतल्या एकदोघांनी सांगून पाहिलं, आता तार आली, पाणी आलं, तुम्ही थोरल्या आहात, मोठं मन करा. मन मी केलं, पण त्यांच्या मापाचं नाही. मी वेल्डिंगवाल्याला बोलावून हौदावरच्या पाइपाला एक वाक लावून घेतला आणि त्याचं तोंड पुरुषभर वर केलं. पाण्याला त्यानं काहीच फरक पडत नाही. आवाजाला पडतो. आता मोटर सुरू झाली की पाणी उंचावरून हौदात धाडधाड आदळतं आणि तो आवाज सरळ धुरा ओलांडून त्याच्या ओसरीवर, त्याच्या बाजेपर्यंत जातो. सांभार पुन्हा बाजारात जातो. वांग्यांचा तो वाफा मी मोडला नाही, बी धरायला ठेवलाय.

परवा पोरीचा सासरहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाली, ‘मोठीमाय, बाबा म्हनत होते, तुमच्या हौदाचा लय आवाज येते. दुपारी डोळा लागत नाई म्हने. मोठीमाय तुह्यं ऐकते, तिले पाइप खाली घ्याले सांग म्हनले.’

माझा आवाज कडक झाला. ‘मंग? सांगाले फोन केला का?’

‘हो,’ ती म्हणाली. ‘सांगतो म्हनून कबूल केलं न म्या त्याइले.’ तिच्या मागे कुठंतरी भांडी वाजत होती. मग हळूच, तिकडं कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, ‘आनखी थोडा वर करा.’